दोन बोटं सैल

सिल्वासाजवळ नरोलीत माझ्या दुकानाला पाटी नाही. भाड्याच्या खोलीची पुढची बाजू दुकान, मागची घर, मध्ये जुन्या साडीचा पडदा. कारखान्यांतल्या कामगारांचे युनिफॉर्म मी शिवते. बाईमाणसाकडे पुरुषांनी मापं द्यायची म्हणजे सुरुवातीला लोक बिचकायचे. पण माझा भाऊ सूत कारखान्यात सुपरवायझर होता. त्याची बहीण म्हटल्यावर सगळे निमूट हात वर करून उभे राहायचे. आता पंधरा वर्षं झाली, कोणी बिचकत नाही.

इतकी वर्षं गळ्यात टेप अडकवून एक गोष्ट मला दिसत आली. शिरपूर, साक्री, नंदुरबारकडून माणूस नवा येतो तेव्हा त्याच्या कमरेवर पॅन्ट ठरत नाही. दोन वर्षांनी तोच येतो तेव्हा बटण लागत नाही. दंड तेवढेच, मांड्या तेवढ्याच, फक्त पोट पुढे आलेलं. बारा तासांची पाळी, कँटीनचा भात, पाळी सुटली की गाठिया नाहीतर वडापाव, आणि दर दोन तासांनी अर्धा कप चहा, त्यात साखर अशी की चमचा उभा राहावा. मला वाटायचं, बरं झालं, सिल्वासा मानवलं. मी तर पॅन्टच्या मागच्या शिवणीत दोन इंच जास्तीचं कापड सोडूनच ठेवते, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून सैल करून द्यायला सोपं. या दूरदृष्टीचा मला अभिमानच होता.

माझी सगळी दूरदृष्टी त्या दोन इंचांत संपली.

भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. माझं लग्न मोडलं आणि मी साक्रीजवळच्या आमच्या गावी परत आले तेव्हा प्रत्येकाकडे मला द्यायला एकेक सल्ला होता. भाऊ सिल्वासाहून आला, कोणाशी एक शब्द बोलला नाही, माझी पत्र्याची पेटी उचलली आणि मला एसटीत बसवलं. इथे आल्यावर आठ दिवसांत जुनं शिलाई मशीन आणून ठेवलं आणि पहिलं काम म्हणून स्वतःच्या युनिफॉर्मचं कापड माझ्या मांडीवर टाकलं. शर्टाची एक बाही मी उलटी लावली. तसाच घालून तो कामावर गेला. मला दोन दिवसांनी कळलं, तेही वहिनीकडून.

अशा माणसाची पॅन्ट मी दर वर्षी शिवत होते. आणि गंमत बघा, त्याच्या कमरेचा नंबर माझ्या मापवहीत चार वर्षं तोच आहे. एक इंच वाढलेला नाही. ते कसं, ते मला फार उशिरा कळलं.

कारखान्यात वर्षातून एकदा तपासणी व्हायची. रक्त काढायचे, दाब बघायचे, कागद हातात द्यायचे. तो कागद भाऊ माझ्याकडे घेऊन यायचा, कारण वहिनीला वाचता येत नाही आणि मला वाचता येतं असा त्याचा समज होता. साखर थोडी जास्त. रक्तदाब थोडा जास्त. रक्तातली चरबी थोडी जास्त, चांगली चरबी थोडी कमी. मी काळजीनं बघितलं की तो कागदाची घडी घालून खिशात ठेवायचा. "सगळं थोडं थोडं शे माय. जास्त काहीच नही," असं म्हणायचा. आणि मलाही ते पटायचं. कारखान्यात कोणाची साखर तीनशे, कोणाला झटका आलेला. त्यांच्यापुढे याचं थोडं थोडं म्हणजे काहीच नाही. दुखत तर कुठेच नव्हतं. आपल्याकडे दुखल्याशिवाय आजाराला कोणी आजार म्हणत नाही.

मागच्या वर्षी होळीनंतर त्याला जिना चढवेना. अथालला ज्या चाळीत तो राहायचा तिथे दुसऱ्या मजल्यावर खोली. पहिल्या मजल्याच्या कठड्याला टेकून तो मोबाइल बघत उभा राहायचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं फोन आलाय. सोंग चांगलं वठवायचा. मग कामावरचे बूट घट्ट व्हायला लागले. मोजा काढला की घोट्याच्या वर खोल चर पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. वहिनीनं तो चर बघितला आणि माझ्याकडे आली. आम्ही दोघींनी मिळून त्याला हॉस्पिटलात नेलं. दोघी नसतो तर तो आला नसता.

तिथे छातीवर यंत्र फिरवून हृदयाची तपासणी झाली. यंत्रवाल्यानं जाता जाता सांगितलं की पंपिंग एकदम चांगलं आहे. झालं. भाऊ बाहेर आला तो पेढे घ्यायला निघाला. त्याला मी हाताला धरून डॉक्टरबाईंच्या खोलीत बसवलं.

डॉक्टरबाई नाशिककडच्या, मराठी बोलणाऱ्या. वयानं माझ्याएवढ्या असतील. त्यांनी कागद बघितले, मग त्याला उभं केलं आणि नर्सकडे टेप मागितला. नर्सला सापडेना. मी पिशवीतून माझा काढून दिला. त्या हसल्या. मी पुढे होऊन सवयीनं भावाच्या कमरेला टेप लावायला गेले तर त्यांनी माझा हात वर नेला, बेंबीच्या रेषेत. "तुम्ही पट्टा बसतो तिथे मोजता," त्या म्हणाल्या. "माणूस पॅन्ट पोटाखाली सरकवत नेतो आणि त्याला वाटतं कंबर तेवढीच आहे."

टेपवरचा आकडा माझ्या वहीतल्या आकड्यापेक्षा सात इंचांनी जास्त होता. पंधरा वर्षं मी पुरुषांच्या कमरा मोजत होते, आणि मला बघायला हवं ते चार बोटं वर होतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. हे थोडं थोडं म्हणता ना, ते वेगवेगळं नाही, एकच आहे. पोटाच्या आतली चरबी, साखर, दाब, रक्तातली चरबी, हे सगळे एकमेकांचा हात धरून येतात आणि वर्षानुवर्षं हृदयावर काम करत राहतात. हृदय जाड होतं, ताठ होतं. आवळलं बरोबर जातं, म्हणून पंपिंग चांगलं दिसतं. पण सैलावत नाही, आणि सैलावल्याशिवाय रक्त आत येणार कसं? मग ते मागे तुंबतं, आधी छातीत, मग पायांत आणि पोटात पाणी साठतं. भाऊ मान हलवत होता, त्याला काही कळलं नव्हतं. बाहेर आल्यावर मी त्याला सांगितलं की कॉलरीत ताठपणासाठी आपण बकरम घालतो ना, तसं तुझ्या हृदयात बकरम भरलंय. तो म्हणाला, मग उसवून काढ. मी हसले. तेव्हा हसू आलं खरं.

गोळ्या मिळाल्या. त्यात एक पाण्याची गोळी, तिच्यामुळे सारखं लघवीला जावं लागायचं. मीठ जवळजवळ बंद. पापड, लोणचं, शेव, ठेचा, सगळ्यावर काट. खानदेशी माणसाला ठेच्यावाचून भाकरी खायला लावणं म्हणजे काय असतं ते खानदेशी माणसालाच विचारा. आणि रोज सकाळी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी, तडक यायचं.

वजनकाटा आणला. पण चाळीची फरशी अशी की काटा दाराशी एक सांगायचा आणि खिडकीशी दुसरं. एकदा तर त्यानं भावाचं वजन एका रात्रीत सहा किलो कमी केलं. चार दिवसांत काटा पलंगाखाली गेला. पुढच्या वेळी डॉक्टरबाई रागावल्या, काटा पक्क्या जागी ठेवा म्हणाल्या. भाऊ तपासणीच्या खाटेवर शर्ट वर करून झोपला होता. त्यांचं लक्ष त्याच्या कमरेच्या काळ्या करदोड्याकडे गेलं.

करदोडा आमच्यात बाळाच्या बारशाला कमरेला बांधतात. पुरुषाच्या अंगावरून तो शेवटपर्यंत उतरत नाही. मेल्यावर करदोडासुद्धा बरोबर नेता येत नाही, असं आपण म्हणतो ना, तो हाच. आमच्या घरची रीत अशी की दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला जुना काढून नवा बांधायचा. आधी नवा बांधायचा, मग जुना सोडायचा, अंग मोकळं ठेवायचं नाही. बहीण हजर असेल तर तिनं बांधायचा. जुना कुठेही टाकायचा नाही, दमणगंगेत सोडायचा.

डॉक्टरबाईंनी करदोड्याखाली बोट घालून बघितलं. "हा चांगला आहे," त्या वहिनीला म्हणाल्या. "काटा ठेवाच, पण रोज सकाळी इथे एक बोट घालून बघत जा. ज्या दिवशी बोट जाणार नाही त्या दिवशी मला दाखवायला आणा. वाट बघायची नाही."

वहिनीला हे फार आवडलं. आकड्यांचं तिला भय वाटायचं, पण बोट तिचं होतं. रोज त्याची आंघोळ झाली की ओल्या अंगावर ती तर्जनी घालून बघायची आणि मग मला फोन करायची. "जास व," एवढंच म्हणायची, बोट जातं म्हणून. मी इकडे मशीनवरून हूं म्हणायचे. एप्रिलपासून रोज. श्रावणात एका सकाळी फोन आला आणि ती म्हणाली, नाही जात. तासाभरात आम्ही हॉस्पिटलात होतो. दोन दिवस इंजेक्शनं दिली, पाणी उतरलं, भाऊ घरी आला. डॉक्टरबाईंनी वहिनीचं बोट हातात घेऊन सगळ्या नर्सना दाखवलं. बायको असावी तर अशी, म्हणाल्या. वहिनीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पलंगाखालचा काटा त्यानंतर कोणी बाहेर काढला नाही. मीही काढ म्हटलं नाही.

मग दिवाळी आली.

कारखाना दिवाळीत बंद नसतो. सूत काढणारं मशीन एकदा थांबवलं की पुन्हा सुरू करताना पुष्कळ माल वाया जातो. निम्मी माणसं गावाला गेलेली, तेव्हा उरलेल्यांना दुहेरी पाळी. भाऊ धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी गेला तो दोन दिवस तिथेच, मध्ये विश्रांतीच्या खोलीत चार तास पडायचा तेवढंच. पाण्याची गोळी त्यानं दोन दिवस घेतली नाही. घेतली की दर अर्ध्या तासाला मशीन सोडून जावं लागणार, आणि बदली द्यायला माणूस नव्हता. जेवायला प्रत्येकाच्या डब्यात चकली, शेव, चिवडा. हे सगळं नंतर कळलं. या दोन दिवसांत वहिनीचं बोट घरीच होतं.

नरकचतुर्दशीला पहाटे तो आला. मी आदल्या संध्याकाळपासून अथालला त्यांच्याकडेच होते. वहिनी चुलीशी, कढईत करंज्या. मी त्याला पाटावर बसवून तेल लावलं, उटणं लावलं. पाय सुजलेले दिसले. दोन दिवस उभा आहे, सुजणारच, असं मी स्वतःला सांगितलं. आंघोळ झाल्यावर मी नवा करदोडा घेतला. वहिनी आतूनच म्हणाली, बांधून घे, मी हात धुऊन येते.

आता हे नीट सांगते, कारण इथेच सगळं आहे.

मी गोफ कमरेभोवती घेतला. मला हातालाच कळलं की दर वर्षीपेक्षा जास्त लागतोय. मी माप घेणारी बाई आहे, माझ्या बोटांना अर्धा इंच कळतो. मी म्हटलं, भाऊ, सगळ्या कारखान्याच्या चकल्या तूच खाल्ल्यास का? तो हसला, पण हसता हसता मध्येच थांबून त्यानं श्वास घेतला. म्हणाला, "सैल बांधजो माय. बसलं का काचस." आणि मी दोन बोटं सैल ठेवून गाठ मारली. पॅन्टलाही मी तेवढीच ढील ठेवते. माणूस बसला की पोट पसरतं.

मग जुना सोडायला घेतला. गाठ कातडीत रुतली होती, नखानं निघेना. मी पिशवीतून कात्री काढली आणि कापला. त्याखाली लाल वळ होता. त्यावर मी खोबरेल तेल चोळलं. जुना करदोडा नदीत सोडायचा म्हणून गुंडाळून पिशवीत टाकला.

वहिनी हात पुसत आली. नव्या करदोड्याखाली तिनं बोट घातलं. एक गेलं, दुसरंही गेलं. तिचा चेहरा इतका फुलला की काय सांगू. दोन बोटं जातात म्हणाली, दिवाळीला देव पावला म्हणाली, आणि त्याच्या ताटात एक करंजी जास्त वाढली. मी तिथेच उभी होते. हातात कात्री होती. जुन्याखाली बोट गेलं नसतं, एवढं वाक्य माझ्या तोंडात आलं नाही. खोटं कशाला बोलू, ते डोक्यातसुद्धा आलं नाही. सणाच्या सकाळी मी रीत पार पाडली होती आणि खूश होते.

लक्ष्मीपूजनाला वहिनीचा फोन आला, दोन बोटं जातात. पाडव्याला फोन आला, एक आरामात जातं, दुसरं जरा ओढून. तो भिंतीला टेकून बसून झोपतोय, आडवं झोपवत नाही असंही ती म्हणाली. पण करदोडा सैल आहे ना, मग दमलाय, असं तीच म्हणाली आणि मी हूं म्हटलं.

भाऊबीजेला मी तबक घेऊन गेले तेव्हा त्याला पाटावर बसता येत नव्हतं. तो खिडकीचे गज धरून उभा होता आणि तोंडानं श्वास ओढत होता, ओठ काळपट. त्याही अवस्थेत त्यानं मला खुणेनं सांगितलं, ओवाळून घे. मी ओवाळलं नाही. मी खाली रिक्षा बोलवायला धावले. आपण ओवाळायला हवं होतं असं आता वाटतं. रिक्षा यायला दहा मिनिटं लागलीच.

दुपारी तो गेला.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, गोंधळलेल्या होत्या. इतकं पाणी एका दिवसात साठत नाही, म्हणाल्या. मग त्यांनी वहिनीला हळूच विचारलं, बोट घालून बघत नव्हता का?

"रोज बघत होते, बाई," वहिनी म्हणाली. "जात होतं. दोन जात होती."

वहिनीनं आपलं बोट त्यांच्यापुढे धरलं, पुरावा दाखवावा तसं. मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. मी तोंड उघडलं नाही.

अथालला चाळीच्या अंगणात त्याला शेवटची आंघोळ घातली. करदोडा तोडायचा होता, कोणीतरी कात्री मागितली. चाळीत पुष्कळ कात्र्या असतील, पण पिशवीतून मी माझीच काढून दिली. मावसभावानं करदोडा कापला आणि ओल्या जमिनीवर टाकला. लोक त्याला उचलायला लागले तेव्हा मी तो उचलून मुठीत घेतला. घरी येऊन बटणांच्या डब्यात ठेवला. तिथे जुना आधीच होता. नदीवर जायचं राहूनच गेलं होतं.

वहिनी नंतर रडली नाही. भावाची मुलगी सुरतेहून आली, ती रडली, गावची माणसं आली, ती रडली. वहिनी आपलं बोट बघत बसायची. बांगडीखाली घालून बघायची, घड्याळाच्या पट्ट्याखाली, माझ्या ब्लाउजच्या बाहीखाली. नळावरच्या बायकांना म्हणायची, तुमचं बोट दाखवा बरं. त्यांच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवून बघायची. बायका मला बाजूला घेऊन सांगायच्या की तिला कुठेतरी दाखवून आणा. रोज संध्याकाळी ती चालत नरोलीला माझ्याकडे यायची, मशीनशेजारी स्टुलावर बसायची आणि तेच विचारायची. "मन्हं बोटच बारीक शे का व?"

आणि मी म्हणायचे, नाही गं वहिनी, तुझं काही चुकलं नाही. रोज म्हणायचे. जिचं चुकलं होतं तीच तिला हे सांगत होती.

सहा महिने मी असे काढले. एरवी मी भित्री नाही. नवऱ्याच्या दारातून पेटी घेऊन निघाले तेव्हा मागे बघितलं नव्हतं. पण या बाईनं मला पंधरा वर्षं नणंद म्हणून कधी हिणवलं नाही, आपल्या ताटातलं वाढलं, आणि आता तिच्याशिवाय मला इथे कोणी नाही. सांगितलं तर तीही जाईल, हे भय होतं. न सांगावं तर ती त्या बोटापायी वेडी होणार, हे समोर दिसत होतं. दोन्हींतलं मी माझ्या सोयीचं निवडलं होतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. त्याची पहिलीच आखाजी, घागर भरायला हवी होती. वहिनी म्हणाली, तुझ्याकडेच भरू, त्या खोलीत मला नको. मी मशीन बाजूला सरकवून जागा सारवल्यासारखी पुसून घेतली. नवी मातीची घागर, वर खरबूज, सांजोऱ्या, आंबा. वहिनीनं तांब्यानं पाणी ओतायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर तिचा हात थांबला.

"पानीनी मारं त्यास्ले," ती म्हणाली, "आनि आपन पानीच भरी ऱ्हायनूत." मग तांब्या खाली ठेवून तिनं पुन्हा बोटाकडे बघितलं.

मला ते सहन झालं नाही. मी उठून बटणांचा डबा आणला आणि दोन्ही करदोडे कापडं कापायच्या फळीवर शेजारी शेजारी ताणून ठेवले. दोन्ही गाठीशेजारी कापलेले, गाठी अजून तशाच. टेप लावला. साडेतीन इंचांचा फरक होता. मग मी तिला सगळं सांगितलं. हाताला कळलं होतं ते, चकलीची थट्टा, दोन बोटांची ढील, कातडीत रुतलेली गाठ, लाल वळ, त्यावर चोळलेलं तेल. जुना तसाच राहिला असता तर त्या सकाळी तुझं बोट गेलं नसतं, हेही सांगितलं. जगाची मापं टेपनं घेतली आणि भावाचं हातानं घेतलं, असंही म्हणाले.

वहिनी फळीजवळ सरकली. मग तिनं आखूड करदोडा उचलला, त्याची दोन टोकं एका हातात जुळवून धरली, आणि दुसऱ्या हाताची तर्जनी त्या वेढ्यात घालून हळूहळू आवळत नेला. दोरा बोटावर घट्ट बसला. बोटाचं टोक पांढरं पडलं.

"म्हंजे मन्हं बोट खोटं नव्हतं," ती म्हणाली.

आणि सहा महिन्यांनी ती रडली. मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता. मी जवळ गेले तर तिनं हात आडवा धरला. मी जागच्या जागी थांबले. रडून झाल्यावर तिनं घागर काठोकाठ भरली, हळद-कुंकू लावलं, नैवेद्य दाखवला. मी चहा ठेवते म्हटलं, ती नको म्हणाली. जाताना तिनं आखूड करदोडा पदराच्या टोकाला गाठ मारून बांधून घेतला. लांब करदोडा तसाच फळीवर राहिला.

त्या दिवसापासून तिनं कोणाला बोट दाखवलं नाही. नळावरच्या बायका सांगतात, आता बरी आहे. संध्याकाळी ती माझ्याकडे येत नाही. मी स्टूल हलवलेलं नाही. लांब करदोडा बटणांच्या डब्यात आहे, तो मी नदीत सोडणार नाही. तिचा तो तिनं नेला, माझा हा माझ्याकडे आहे.